कोऱ्या कापडाच्या वाकळा

आमच्या दुरुस्ती मंडळाची पुस्तिका निघते आहे. सीमाभागातल्या आमच्या शहरात, टिळकवाडीतल्या एका वाचनालयाच्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी लोक मोडकं-फाटकं सामान घेऊन जमतात. ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला शिकवतो. मिक्सरचं बटण बदलणं, छत्रीची काडी बसवणं, जुन्या पँटची पिशवी शिवणं. कुणी कुणाचं काम करून द्यायचं नाही, शेजारी बसून शिकवायचं, एवढा एकच नियम. मी हस्तकलेचा निवृत्त शिक्षक आणि मंडळात सगळ्यांत म्हातारा, म्हणून प्रस्तावना माझ्याकडे आली. मी ती लिहिली. चिटणिसांनी त्यातलं एक पान काढून परत पाठवलं. ते पान वाकळेच्या वर्गाबद्दल होतं. त्यात होतं ते सगळं इथं लिहितो, आणि त्यानंतर घडलेलंही.

खासबागेत एक बाई राहतात. घरचा माग बंद पडल्यापासून त्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून देतात. वाकळेला त्या कानडीत कौदी म्हणतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. सहा वर्षांपूर्वीचा अख्खा उन्हाळा मी त्यांच्या कट्ट्यावर बसून वाकळ शिकलो. त्या कानडीत सांगायच्या, मी कानडीत विचारायचो. थर कसे लावायचे, विरलेलं कापड कुठं घालायचं, धावदोरा कडेकडून मधे कसा न्यायचा. एका गोष्टीवर मात्र त्या हटूनच बसायच्या. कोरं कापड तीनदा पाण्यातून काढून उन्हात वाळवल्याशिवाय वाकळेत घालायचं नाही. ते नंतर आटतं आणि शेजारचं जुनं कापड ओढून फाडतं. एकदा मी तसाच एक तुकडा उचलला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती.

आक्कांनी मंडळात येऊन शिकवावं असं मीच सुचवलं. बैठकीत चिटणीस म्हणाले, "सर, त्या कानडीत बोलणार. आपल्या बायकांना काय कळणार?"

काय कळणार! याच बायका रोज सकाळी बाजारात कानडीत भाजीचा भाव पाडतात. बसमध्ये कंडक्टरशी कानडीत भांडतात. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि प्रत्येकानं मान डोलावली. मीही. दुकानाच्या पाटीपासून सरकारी कागदापर्यंत आमच्या मराठीला इथं जागा मागावी लागते, त्याचा राग मी जन्मभर केला आहे. तो राग खरा आहे. पण त्या दिवशी मी तो एका शिवणाऱ्या बाईवर काढला. आणि खरं सांगायचं तर नुसता रागही नव्हता. वर्गाची बातमी घ्यायला पेपरवाला येणार होता. मी म्हणालो, "बरोबर आहे. मीच घेतो वर्ग."

बायका गाठोडी घेऊन आल्या. निम्म्यांच्या गाठोड्यांत शिंप्याकडची कोरी कात्रणं होती. घरी जा, भिजवा, वाळवा, पुढच्या रविवारी या, एवढंच मी म्हणायला हवं होतं. फोटोवाला उभा होता. एकीनं विचारलं, "सर, हे चालतंय न्हवं?" मी म्हणालो, "चालतंय की!"

पेपरात माझा फोटो आला. आक्कांचा उल्लेख नव्हता.

पहिल्या धुण्यातच वाकळा आटल्या, त्यांना गाठीगाठी आल्या, जुनी लुगडी टाक्याटाक्याला फाटली. आमच्याच गल्लीत कचऱ्याच्या गाडीवर त्या लोंबताना मी पाहिल्या. कचरा कमी करायला निघालो होतो आम्ही! लोकांच्या आयांची लुगडी आम्ही कचऱ्यात घातली.

त्यानंतरच्या रविवारी व्हरांड्यात एकानं हसत विचारलं, "सर, तुम्हाला कुणी शिकवलं हो असलं?"

मी म्हणालो, "खासबागेतल्या आक्कांनी."

चारचौघांत मी त्यांचं श्रेय सांगितलं ते तेवढंच, आणि ते असं. चिटणीस म्हणाले, "तरी मी सांगत होतो." सगळे हसले. त्यानंतर टिळकवाडीतून आक्कांकडे वाकळेचं काम जायचं थांबलं. मला ते कळत होतं. मी सहा वर्षं गप्प बसलो.

पान परत आलं तेव्हा मी चिटणिसांना फोन केला. ते म्हणाले, "सर, जुनं झालं ते. आता कशाला उकरता? आणि त्या काय मराठी पुस्तिका वाचणार आहेत?"

"वाचता येत नसेल त्या माणसाची बदनामी चालते होय रे?" मी ओरडलो आणि फोन आपटला. हाच प्रश्न मला सहा वर्षांपूर्वी सुचायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी खासबागेत गेलो. आक्कांना आता सुई ओवता येत नाही, सून ओवून देते. मी कानडीत सुरुवात केली. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मराठीत बोला मास्तर. मला कळतंय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी टाका घालणं काही थांबवलं नाही.

"मी काय शिकवलंतं ते मला ठाऊक हाय. मला कशाला सांगतासा? त्या बायकांना सांगा."

"पुस्तिकेत लिहिलं होतं, पण..."

"पुस्तिका कोण वाचतंय ओ? व्हरांड्यात बोललासा न्हवं? मग व्हरांड्यातच सांगा. आन् आलायसा तर च्या घेऊन जावा."

रविवारी मी उभा राहिलो. चिटणीस म्हणाले, "सर, आज सायकलच्या पंक्चरचा विषय आहे." मी त्यांच्यावर आवाज चढवून बोललो. कोऱ्या कापडाचं, फोटोचं, चापटीचं, सगळं. आक्कांनी बरोबर शिकवलं होतं, मी जाणूनबुजून चुकीचं शिकवलं आणि दोष त्यांच्यावर ढकलला, हे दोनदा सांगितलं.

मागच्या बाकावरची एक बाई उठली. माझ्याच वाकळेच्या वर्गातली.

"माझ्या आईचं लुगडं होतं त्यात, सर. आणि काम मागायला आल्या तेव्हा मी आक्कांना दारातून परत पाठवलं होतं. मी त्यांना काय काय बोलले होते माहीत आहे?"

ती बाकाआडून बाहेर आली.

"त्या राहतात कुठं?"

मी गल्ली सांगितली. ती निघाली, तिच्यामागून आणखी दोघी. "मी येतो, घर दाखवतो," म्हणत मी चपला शोधू लागलो.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

मी बसलो. कुणीतरी परातीत पाणी ओतलं आणि सगळे सायकलची ट्यूब बुडवून भोक शोधायला लागले.