पेलम कोव्हचं बारावं थडगं

ओझेला सिमकिन्स तेरा वर्षांची असताना सरकारचा एक माणूस तिच्या दारात आला आणि त्याने तिला एक साधा प्रश्न विचारला. ती खोटं बोलली.

साल बासष्ट. चंद्रावर माणूस धाडायचा तर अग्निबाण सोडायला मोकळी जागा हवी, म्हणून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा तो सगळा पट्टा सरकारने घ्यायचं ठरवलं होतं. पेलम कोव्ह ही त्या पट्ट्यातली काळ्या लोकांची वस्ती, वीस-बावीस घरांची. ओझेलाच्या वडिलांची, अमोस यांची, तिथे चार एकर बाग होती. संत्री, ग्रेपफ्रूट, मागच्या अंगाला मधमाश्यांच्या पेट्या. अमोस चर्चचे डीकन, पाद्र्याच्या खालोखाल मान असलेले. रविवारी वस्ती त्यांच्या तोंडाकडे बघून उठायची आणि बसायची.

त्या दिवशी ते खाडीत जाळी टाकायला गेले होते, आई शेजारणीचं बाळंतपण करायला. आलेला गोरा माणूस वागायला चांगला होता. पायरीखालीच थांबला, टोपी काढली.

"पोरी, चर्चमागची अकरा थडगी मी मोजलीत. त्यांना कुणी हात लावणार नाही, कुंपण घालणार आहोत. आणखी कुणाला कुठे पुरलंय का? घरामागे, बागेत?"

"नाही, साहेब."

"नक्की?"

"नक्की, साहेब."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओझेलाची मोठी बहीण लर्लीन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तीही बोलली नाही.

आदल्या वर्षी, सतरा वर्षांच्या लर्लीनला मुलगा झाला होता. लग्न झालेलं नव्हतं. पोर दुपारी जन्मलं आणि दिवे लागायच्या आत गेलं. डीकनच्या मुलीचं असं पोर चर्चच्या आवारात पुरायचं कसं? अमोसनी मधाच्या पेटीच्या फळ्या काढून स्वतःच्या हाताने खोकं ठोकलं आणि अंधार पडल्यावर तिसऱ्या ग्रेपफ्रूटच्या झाडाखाली खड्डा खणला. परत आल्यावर हात धुताना एवढंच म्हणाले, "या घरात ही गोष्ट पुन्हा निघायची नाही." ओझेलाने तो शब्द पाळला होता, इतकंच.

तीन महिन्यांत वस्ती उठली. सिमकिन्स कुटुंब खाडीपलीकडे टायटसव्हिलला भाड्याच्या घरात गेलं. झाडांवर बुलडोझर फिरले. अमोस खचले आणि पाच वर्षांत वारले. शेवटी शेवटी ते अंगणात उभे राहून पूर्वेकडे बघत आणि कुणी हाक मारली की दचकत.

पहिली माणसं चंद्रावर निघाली त्या सकाळी सगळं गाव खाडीच्या काठावर लोटलं होतं. लर्लीन न्हाणीघराचं दार लावून टब घासत बसली. खिडक्या थरथरल्या, कपाटातल्या बशा वाजल्या. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांची सालं निघाली होती. "संपलं का?" तिने विचारलं. त्यानंतर प्रत्येक उड्डाणाला ती काही ना काही घासत असे. लग्न तिने केलं नाही. संत्री भरण्याच्या कारखान्यात तिची उमर गेली.

ओझेलाने मात्र तिशीत त्याच कुंपणाच्या आत नोकरी धरली. अवकाश केंद्र बघायला येणाऱ्या पर्यटकांची बस चालवायची.

"गावात दुसरं काम नव्हतं तुला?" लर्लीन म्हणाली.

"पगार बरा आहे."

"हो, पगार!" लर्लीनने ताटली आपटली आणि दोन महिने अबोला धरला.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ओझेला बूट काढत होती. लर्लीन तिच्याकडे न बघता म्हणाली, "आज तिथं कसं होतं?"

ओझेलाला एका क्षणात कळलं. "गवत कापलंय," ती म्हणाली. "वारा होता."

तेव्हापासून सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी हाच प्रश्न यायचा. कधी ती सांगे, बगळे बसले होते. कधी सांगे, पाणी साचलं होतं. कुठे, ते दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

घर, विहीर, झाडं, काहीच उरलं नव्हतं. पण ओढ्याचं तोंड होतं आणि चर्चजवळचा जुना ओक होता. त्या दोहोंवरून ओझेलाने जागा ताडली होती. ती नेमकी रस्त्यात येत होती, उड्डाणतळाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यात. अंतराळवीरांची गाडीही तिथूनच जायची. त्या वळणावर ओझेला बस इतकी हळू घेई की मागच्या गाड्या भोंगे वाजवत.

"मिस ओझेला, तिथं आल्यावर तुमची बस दमते का हो?" कामावरच्या साहेबाने एकदा विचारलं.

"कासवं असतात, साहेब. एखादं चाकाखाली आलं तर हेच लोक तक्रार लिहितील."

साहेबाला पटलं. महिन्याभरात तिथे पाटी लागली: सावकाश, कासवं. मग सगळ्याच गाड्या हळू जायला लागल्या. तिचं दुसरं खोटंही सरकारने लिहून घेतलं होतं. त्या रात्री ओझेला न जेवता झोपली.

दर दोन-चार फेऱ्यांनी कुणीतरी प्रवासी विचारायचाच, "बाई, एवढा खर्च परवडतो का हो? खाली माणसं उपाशी, आणि वर माणूस पाठवायची हौस!" ओझेलाला उत्तर पाठ होतं. सरकारच्या प्रत्येक डॉलरमागे जेमतेम एक सेंट जातो, आणि त्या बदल्यात काय काय मिळालं त्याची यादी. ती ते ध्वनिक्षेपकावर नीट, हसून सांगे. लोकांना पटायचंही. उतरताना हात हातात घेऊन आभार मानत. कुणी मागे वळून विचारलं नाही की बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या.

शहाऐंशीच्या जानेवारीत यान आकाशात फुटलं आणि सातही माणसं गेली, तेव्हा लर्लीन पहिल्यांदा त्या लोकांसाठी रडली. "त्यांच्या आयांच्या दारात निदान कुणीतरी सांगायला तरी गेलं असेल," ती म्हणाली. ओझेलाला तिच्याकडे बघवेना.

ओझेला निवृत्त झाली. दोघी बहिणी एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या. लर्लीनचं हृदय थकलं, पाय सुजले. एका दुपारी दूरचित्रवाणीवर कुणी तरुण सांगत होता की मंगळावर वस्ती होणार, माणसं कायमची राहायला जाणार.

"तिथं राहायला?" लर्लीन म्हणाली. "मग तिथं मरतीलही."

"मरतील की."

"पुरणार कुठे?"

"तिथंच. परत कोण आणतंय?"

लर्लीनने दूरचित्रवाणी बंद केली. "त्यांना सांग, खूण लावा म्हणावं." मग तिचा आवाज बदलला. "झेला, माझ्या पोराला खूण लाव गं. मी जायच्या आधी."

अठ्ठावन्न वर्षांत तो शब्द दोघींमध्ये पहिल्यांदा उच्चारला गेला.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या कचेरीत गेली. जुन्या वस्त्यांच्या नोंदी ठेवणारी बाई, मारिसोल एचेव्हेरिया, चाळिशीची होती. तिने दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. ओझेलाने गोऱ्या माणसाचा प्रश्नही सांगितला आणि आपलं उत्तरही.

"तुम्ही तेरा वर्षांच्या होता," मारिसोल म्हणाली.

"ऐकू तर येत होतं मला, बाई. कळतही होतं."

तीन आठवड्यांनी मारिसोल स्वतः घरी आली. ओझेलाने तिला ओसरीवरच थांबवलं. मारिसोलने रस्त्याचे जुने आराखडे आणले होते. ओढ्याजवळची जमीन दलदलीची, जड गाड्यांचा भार पेलणारी नव्हती. रस्ता बांधण्याआधी दोन माणसांच्या उंचीइतकी खोल माती काढून टाकली होती आणि खाडीतली वाळू आणून भरली होती.

"काढलेली माती कुठे गेली?"

"बऱ्याच ठिकाणी. भराव घातले, उंचवटे केले, काही उड्डाणतळाखाली. कुठली कुठे, त्याची नोंद नाही. मिस ओझेला, मी खूप शोधलं."

ओझेला ओसरीच्या पायरीवर बसली. सव्वीस वर्षं, दिवसाला सहा फेऱ्या, ती निव्वळ वाळूवर बस हळू करत होती. आणि ज्या मातीत तो होता, तिच्यावरून कदाचित रोज भरधाव गेली होती, गमतीजमती सांगत, लोकांना हसवत.

आत लर्लीन जागी होती. "सांग," ती म्हणाली. "दाराआडून अर्धं ऐकलंय मी."

ओझेलाने सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी मी हो म्हटलं असतं, तर कुंपणात असता तो."

"मीही खिडकीत होते," लर्लीन म्हणाली. "अठरा वर्षांची घोडी. तू एकटीच काय ते घेऊन बसतेस?" तिला धाप लागली. "मला वाटलं, सरकारी वहीत नाव जाईल, बाबांची मान खाली जाईल. बाबांच्या मानेला जपलं मी."

मारिसोल दारात अवघडून उभी होती. नोंदवहीत पेलम कोव्हची अकरा थडगी आहेत, ती म्हणाली. बारावी नोंद घालता येईल. जागा अज्ञात असं लिहावं लागेल. हवा तर कुंपणात एक दगडही बसवता येईल.

"खाली कुणी नाही, आणि वर दगड? नको," लर्लीन म्हणाली. "नोंद घाला."

"नाव काय लिहू?"

"बाबांनी नाव ठेवूच दिलं नाही." लर्लीनने हात पुढे केला, लेखणी घेतली. अक्षरं वेडीवाकडी आली, पण वाचता येत होती: लर्लीन सिमकिन्सचा मुलगा. तारीख तिला पाठ होती.

त्या ऑगस्टमध्ये ती गेली. टायटसव्हिलच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. चर्चमधल्या बायकांनी डबे आणले, तळलेले मासे, मक्याची भाकरी. दोन घास खाऊन झाल्यावर बोलणं आठवड्यावर आलेल्या उड्डाणाकडे वळलं. एवढा पैसा घालवावा का, यावर त्यांच्यातल्या मोझेलची आणि तिच्या नवऱ्याची जुंपली. "झेला, तू तर आत काम केलंस. तूच सांग, परवडलं का हे सगळं?" मोझेल म्हणाली.

ओझेलाने तोंड उघडलं. पाठ असलेलं उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. "मला नाही सांगता येत," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

पुढच्या वसंतात मारिसोलने तिला पास काढून दिला आणि गाडीतून आत नेलं. कुंपणातल्या अकरा थडग्यांवर ओझेलाने फुलं ठेवली. एक जुडी हातात उरली. ती बाहेर आली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. चारी बाजूंनी सपाट जमीन, भराव, गवत, दूरवर उड्डाणतळाचा मनोरा. जुडी कुठे ठेवायची ते तिला कळेना. एकीकडे पाठ केली की वाटे, तो तिकडेच असेल. ती वळली, पुन्हा वळली. पहाऱ्यावरच्या माणसाने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारिसोलने त्याला हाताने थांबवलं.