आखाजीच्या घागरीतली गोरी बीअर

माझ्या वडिलांनी उभ्या हयातीत बीअरचा थेंब चाखला नाही. चाखली ती वारल्यानंतर, आणि तीही मी केलेली!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीने मला मशिनचं ट्रेनिंग घ्यायला बेल्जियमला धाडलं. मशिनचं काय शिकलो ते मशिनलाच ठाऊक. पण तिथली ‘ब्लॉन्ड एल’ नावाची फिकट, हलकी, उन्हाळ्यात प्यायची बीअर मनात बसली. घरीच करून बघायची म्हणून येताना बॅगेत माल्ट, हॉप्स, यीस्ट अशी बीअरच्या सामानाची पाकिटं भरून आणली. (बायकोला चॉकलेट आणायचं राहिलं. ते ती अजून काढते.) सिडकोतल्या घरी, माळ्यावर, प्लास्टिकच्या कॅनमध्ये प्रयोग मांडला.

“माळ्यावर काय गुडगुडतंय हो?” सुनीताने विचारलं.

“बीअर. ब्लॉन्ड, म्हणजे गोरी. आईला सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू? वासच सांगेल!”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कंपनीला सुट्टी होती. संध्याकाळी टूलरूममधले तिघे मित्र चव घ्यायला येणार होते. त्यांच्यापुढे मी महिनाभर बढाया मारलेल्या. आणि नेमकं लोडशेडिंग! फ्रीज कोमट. मागच्या बाल्कनीत एक कोरं मडकं धुऊन ठेवलेलं दिसलं, आत वाळ्याची जुडी. मी सकाळीच सगळी बीअर त्यात ओतली, ओलं फडकं गुंडाळलं आणि बर्फ आणायला सातपूरला गेलो. (आखाजीला घरात कोरं मडकं कशासाठी येतं, हे नाशिकात जन्मलेल्या माणसाला कळू नये? कळत होतं हो. पण डोक्यात बेल्जियम!)

परत आलो तर मडकं पाटावर! त्याला कुंकवाची बोटं, वर डांगर, म्हणजे खरबूज, समोर बाबांचा फोटो. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पूजतात, आणि बाबांच्या नावाची ही पहिलीच. आईला वाटलं सुनेने भरली, सुनेला वाटलं सासूने. आणि बाबांच्या जागी पितर म्हणून जेवायला बसले होते बाबांचे मित्र भास्करनाना. पेशाने शाळामास्तर, त्यांनी जन्मभर व्यसनमुक्तीवर भाषणं दिलेली! आई डांगर बाजूला ठेवून घागरीत तांब्या बुडवत होती.

“आई, थांब! पाणी... फिल्टरचं देऊ का?”

“पितराला घागरीतलंच द्यायचं असतं. शुंभासारखा उभा राहू नकोस, कुरडया वाढ.” मग हळू आवाजात म्हणाली, “जन्मभर ह्यांनी माझ्या हातच्या जेवणाला एकदा चांगलं म्हटलं नाही रे. निदान आज तरी पितर तृप्त होऊन उठू दे.”

कप्पाळ! मी कुरडयांचं ताट उचललं.

नानांनी घोट घेतला. थांबले. पेल्यात बघितलं.

“वहिनी, वाळा घातलाय?”

“हो नाना, थोडासा.”

“उत्तम वाळा! आणा अजून!”

आमरसाबरोबर दुसरा तांब्या गेला, पुरणपोळीबरोबर तिसरा. नानांची टोपी एका कानावर आली. “ह्या पाण्याने अन्न फार छान उतरतं हो!” सुनीताने तांब्याचा वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कुरडया नानांच्या ताटाऐवजी रांगोळीवर वाढल्या.

एकाएकी नानांचे डोळे भरले. ते फोटोशीच बोलू लागले. “वसंता, लेका, रोज बागेत मला सांगायचास, आमच्या हिच्यासारखी पुरणपोळी अख्ख्या नाशकात कुणाला जमत नाही. मग तिला का नाही सांगितलंस रे? वहिनी, मी म्हणायचो, अरे घरी सांग. तर म्हणायचा, लाज वाटते!”

आई पोळी हातात धरून तशीच उभी राहिली. “असं म्हणायचे?”

“रोज!”

आई तिथेच खाली बसली, पदराने डोळे पुसत हसायला लागली. मलाही भरून आलं. बाबा गेले तेव्हा धावपळीत रडायचं राहिलं होतं. ते मी त्या दिवशी, बर्फाची पिशवी हातात धरून, रडून घेतलं. नानांना मग रिक्षात घालून घरी पोचवलं. वाटेत ते रिक्षावाल्याला व्यसनमुक्तीवर भाषण देत होते. संध्याकाळी मित्र आले. घागरीच्या तळाशी गाळ आणि वाळा! त्यांना मी लिंबू सरबत पाजलं आणि पुढे वर्षभर कंपनीत त्याची टिंगल ऐकली.

पुढच्या आखाजीच्या महिनाभर आधी आई कोरं मडकं घेऊन माझ्यासमोर उभी.

“यंदाही घागर तूच भर. नानांना बोलावलंय.”

“भरतो की. पाणीच ना?”

“गेल्या वर्षी घागर विसळताना मी बोट लावून बघितलं होतं,” आई शांतपणे म्हणाली. “यंदा आंबट जरा कमी कर. ह्यांना आंबट चालायचं नाही.”

महिनाभर चवीवर व्याख्यानं झोडणारा मी, बेल्जियम रिटर्न! आणि माझ्या बीअरमधला दोष एकादशी न चुकवणाऱ्या आईने एका बोटात काढला. मडकं घेतलं आणि माळ्यावर चढलो.