कॉलेज बघायला परळीला गेलो आणि अध्यक्षांनी धपाटे खाल्ले

भाच्याला अमेरिकेतलं कॉलेज निवडायचंय. तिथं शिकवतात कसं, हे त्यानं विचारलेलं नाही. फ्रॅटर्निटी, म्हणजे पोरांचे शपथबिपथ घेणारे ग्रुप किती, याची चौकशी मात्र जोरात चालू आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, ही सहल मी नव्वदच्या दशकात करून आलोय. नेकनूर ते परळी, एसटीनं.

बारावीचा निकाल लागल्यावर वडील म्हणजे अण्णा, मामा आणि मी निघालो. आईनं वाटेसाठी धपाटे नि ठेचा बांधून दिला. रस्ता केज, अंबाजोगाईवरून. मागच्या सीटवर बसू नका, हाडं खिळखिळी होतात. आणि परळीला पांढरा सदरा नेऊ नका. वीज केंद्राची राख संध्याकाळपर्यंत तो करडा करते.

मामाला कॉलेज नव्हे, तिथला ग्रुप बघायचा होता. "ग्रुपात शिरलं की पोरगं साखर कारखान्यात चिकटलंच," तो म्हणाला. मलाही ग्रुपात जायचंच होतं, अगदी जीव टाकून.

ग्रुपची कचेरी एसटीडी बूथच्या मागे होती. अध्यक्ष आत सावलीतही गॉगल लावून बसलेले, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कैक वर्षं मुक्काम. त्यांनी स्थापनेची कथा सांगितली. खानावळ बंद पडली, तेव्हा एकाच एसटीनं घरचे डबे येणारी चार पोरं स्टँडवर एकत्र जेवायला बसली. झाला ग्रुप! मग झेंडा आला, शपथ आली, आणि नव्या पोराचा डबा आधी अध्यक्षांपुढे उघडायची रीत आली. सांगता सांगता त्यांनी आमचे धपाटे संपवले.

अण्णांनी विचारलं, "तुमचा डबा काहून येत न्हाई?"

"काका, आता नव्यांचे येतात की. परंपरा हाय."

"म्हंजी दुसऱ्याच्या आईनं थापायचं आन् तुमी हाणायचं. लई भारी परंपरा!"

अण्णा उठलेच. परतताना उपाशीपोटी अंबाजोगाईला उतरलो. तिथल्या एका कॉलेजात ग्रुप नव्हता, पण कारकुनानं पाणी विचारलं. "हितंच," अण्णा म्हणाले. ना झेंडा, ना गॉगल. मला रडू कोसळायचं बाकी होतं.

घरी आईनं रिकामा डबा पाहिला, सगळं ऐकलं. "त्या अध्यक्षाला आई न्हाई का?" एवढंच तिनं विचारलं. कॉलेज सुरू झाल्यावर ती एसटीनं माझ्या डब्यात चार धपाटे जास्तीचे पाठवू लागली, कुणी उपाशी असलं तर म्हणून.

पहिल्याच आठवड्यात स्टँडवर त्या डब्याभोवती आम्ही चौघं बसलो. बोटं चाटत एकजण म्हणाला, "बे, आपल्या ग्रुपचं नाव काय ठेवायचं?"