स्वखुशीने घरी गेली

नोकरीत जबाब शेकड्यांनी घेतले, पण हुपरीच्या त्या मुलीचा जबाब अजून मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. एक चांदी कारागीर ठाण्यात आला. "साहेब, पोरगी पळवली. आमच्याच कामावरच्या पोरानं. उचला त्याला."

मुलगी चोवीस वर्षांची. त्या पोराला आणायला गेलो, तर तो त्यांच्याच भट्टीपुढे घाम गाळत बसलेला! पळवणारा जागेवर आणि पळालेली गायब. माझी हुशारी तिथेच आपटली.

संध्याकाळी ओळखीच्या एस.टी. कंडक्टरने खबर दिली, मुलगी एकटीच कोल्हापूरला उतरली. कळंब्याला तिची मावशी होती. दुसऱ्या दिवशी तिथेच सापडली.

ठाण्यात विचारले, "कुणी नेलं तुला?" ती वडिलांकडे बघे. "चहा घेणार?" तरी वडिलांकडेच. चौकशीत माझा हात कुणी धरू शकत नाही, असे मी स्वतःच सगळीकडे सांगत असे. इथे एक शब्द निघेना. शेवटी आमच्या महिला हवालदार हळूच म्हणाल्या, "साहेब, आधी पावण्यास्नी भाईर बसवा की."

बाप बाहेर गेला आणि मुलगी बोलली. "त्या पोराचा काय बी संबंध न्हाय. मावशीनं आणलेलं चौथं स्थळ आबांनी परतवून लावलं. पैंजणाच्या कड्या माझ्यासारख्या कुणी जोडत न्हाय, म्हणून. मला मावशीकडंच ऱ्हायचंय."

"तू सज्ञान आहेस. कोण अडवतंय बघू," मी ऐटीत म्हणालो. जबाब लिहिला, तिने सही केली. बापाला आत बोलावून वाचून दाखवला.

तो ओरडला नाही. मुलीला म्हणाला, "ऱ्हा की. तुझ्या आईला सांगितलंय, पोरगी उंबऱ्यात आल्याबिगर तोंडात घास घालायचा न्हाय. कालधरनं उपाशी हाय."

मी टेबलावर हात आपटला. "आत टाकीन!"

"माझ्या बायकूला माझ्या घरात सांगितलं, साहेब. कुठलं कलम लावता?"

मी कलम आठवेपर्यंत मुलीने पिशवी उचलली होती. "स्वखुशीनं जाते म्हणून लिवा, साहेब."

लिहिले. तपास बंद झाला.

माणूस ठाण्यात एकटा बसला तरी त्याचे घर त्याच्यासोबत आलेले असते, हे मी तेव्हा शिकलो. पुढे असा जबाब घेण्याआधी विचारत असे, "घरी मागं कोण आहे?" आणि त्यांना ठाण्यात आणायला आधी गाडी पाठवत असे.

त्या दिवशीही गाडी दारातच उभी होती.