रंगाबद्दल एकही ओळ नाही

आमच्या जंगलखात्याच्या कचेरीत सामान द्यायचं-घ्यायचं काम माझ्याकडे. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग. फितीच्या जुन्या गुंडाळीचा पुठ्ठा परत आल्याशिवाय मी नवी देत नाही, आणि त्यामुळे लोक माझ्यामागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बोलोत बापडे. त्या रांगेतल्या एकाच माणसावर मी कधी खेकसले नाही, ते म्हणजे आमचे मोजणीदार. मजूर त्यांना ओळंबा म्हणायचे. जंगलातून हद्दीची रेघ न्यायची तर ओळंब्यासारखी सरळ, आणि बोलणंही तसंच, फाटे न फोडणारं. मी त्यांना दादा म्हणायचे.

दादांना लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नव्हते.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आमच्याकडे तोडायच्या झाडाला लाल फीत बांधतात, राखायच्या झाडाला हिरवी. दादांकडून परत येणाऱ्या लाल फितीच्या पुठ्ठ्याला नेहमी एक खाच असायची. मला आधी वाटलं, उंदीर. मी पिंजरासुद्धा लावला. पण उंदीर लाल फितीचाच पुठ्ठा खातो आणि हिरव्याला तोंड लावत नाही, हे काही पटेना. पुढे एकदा त्यांच्या घरी गेले, तर वहिनी सहज बोलून गेल्या, "यांना फळं आणायला पाठवायची सोय नाही बाई. कच्ची तेवढी वेचून आणतात." मी दादांकडे पाहिलं. ते कपातल्या चहाकडे पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून लाल फितीच्या पुठ्ठ्याला खाच मीच पाडून ठेवू लागले. त्यावर अठरा वर्षं आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही.

रंग न ओळखणाऱ्याला जंगलातलं काम देत नाहीत, असा नियम आहे. दादा नोकरीला लागले तेव्हा डॉक्टरने छाती मोजली, दात पाहिले आणि पाठीवर थाप मारून सोडलं. नियम नंतर आला. तो आला तेव्हा दादा गप्प बसले. गुन्हा म्हणायचा तर एवढाच.

हातात धरायची जीपीएस यंत्रं आली, ती त्यांच्या पथ्यावरच पडली. करडा स्क्रीन, त्यावर राखीव जंगलाची हद्द तुटक रेघेची आणि तोडीची हद्द सलग. चुकायला जागाच नाही. पण सात-आठ वर्षांत ती यंत्रं म्हातारी झाली आणि नवी घ्यायचं ठरलं. नमुन्याला दोन आली. एक पूर्वीसारखं करड्या स्क्रीनचं, एक रंगीत. साहेबांनी दोन्ही दादांच्या हातात ठेवली.

"मोजणीदार, आठ दिवस वापरा आणि अहवाल द्या. तुम्ही म्हणाल तेच घेऊ."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ही म्हण माझ्या तोंडावर आली आणि मी जीभ चावली.

दादांनी आठ दिवस जीव ओतला. उन्हात करडा स्क्रीन स्वच्छ दिसतो, रंगीत काळवंडतो. करडं यंत्र दोन सेलवर तीन दिवस चालतं, रंगीत दिवस मावळायच्या आत मान टाकतं. पावसात, धुक्यात, हातमोजे घालून, सगळं करून पाहिलं. पाच पानी अहवाल झाला आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तो टाइप मीच केला. त्यात काय राहिलंय ते माझ्या लक्षात आलं नाही, हे मला आजही खातं.

साहेबांनी अहवाल वाचला तेव्हा मी तिथेच उभी होते.

"उत्तम लिहिलंय," ते म्हणाले. "पण काय हो, आठ दिवस रंगीत यंत्र वापरलंत आणि रंगाबद्दल एकही ओळ नाही?"

दादांनी टेबलावरचा अहवाल स्वतःकडे ओढला.

"मुख्य फरक तोच ना?" साहेबांनी यंत्र चालू करून त्यांच्यासमोर धरलं. त्यात खवचटपणा नव्हता, बिचारे कुतूहलानेच विचारत होते. "ही बघा राखीव हद्द आणि ही तोडीची. मला एका नजरेत कळतंय. तुम्हाला नाही कळत?"

दोन्ही रेघा सलग, दोन्ही सारख्याच जाडीच्या. एक लाल, एक हिरवी.

"कळतं की," दादा म्हणाले. "न कळायला काय झालं?"

"मग?"

"मग रंगीतच घ्या, साहेब. मी आपलं जुन्या सवयीने लिहिलं."

आणि त्यांनी शेवटच्या पानावरचा 'करडा' स्वतःच्या हाताने खोडून वर 'रंगीत' लिहिलं. मी मधे पडून सेलचं काढायला हवं होतं, उन्हाचं काढायला हवं होतं. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं, त्या दिवशी उघडलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात."

"काय करणार होतो, ताई? साहेबांनी अजून एकदा विचारलं असतं, तर मी तिथेच रडलो असतो."

नवी यंत्रं आली, जुनी जमा झाली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं ते यंत्र घेऊन बसायचो. रेघांचे रंग काही बदलता येईनात. पुठ्ठ्याला खाच पाडता येते, स्क्रीनला कुठे पाडणार? ओळखीच्या जंगलात दादांनी तीन महिने पाठांतरावर काढले. चौथ्या महिन्यात टेकडीपलीकडचा नवा पट्टा आला. तिथलं पाऊलही त्यांना पाठ नव्हतं. त्यांनी रेघेच्या नको त्या बाजूला लाल फिती बांधल्या आणि मुकादमाला शंका येईपर्यंत राखीव जंगलातली सतरा जुनी झाडं आडवी झाली.

चौकशीच्या आदल्या दुपारी दादा माझ्या खिडकीशी आले.

"तुला विचारतील, ताई. माहीत नव्हतं म्हण."

"खरं सांगून मोकळे व्हा ना. फार तर आत टेबलावर बसवतील."

"टेबलाचं काय घेऊन बसलीस?" त्यांनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले. "खरं सांगितलं तर बत्तीस वर्षांच्या माझ्या सगळ्या हद्दी पुन्हा मोजायला काढतील. एकेका रेघेवर संशय घेतील. त्या बरोबर आहेत गं. एकूण एक बरोबर आहेत. ही एकच चूक हलगर्जीपणाची होऊ दे."

त्यावरचं उत्तर मी रात्रभर शोधत राहिले.

चौकशीला बाहेरून तिघे आले होते. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून. मधल्याने मला विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही यांना पाहताय. यांच्या कामात कधी काही वेगळं जाणवलं?"

"नाही," मी म्हणाले. पण तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. तो पेन हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मग मी म्हणाले, "हल्ली त्यांचं कामात लक्ष नसायचं."

"म्हणजे हलगर्जीपणा?"

"हो."

त्याने ते लिहून घेतलं आणि दादांकडे वळला. "तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?"

दादा उठून उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "बाई बरोबर बोलल्या."