बाबांचे शब्द आणि दुकानातून आलेली फ्लॉपी

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबा किनाऱ्यावरच्या आमच्या घिवली गावातल्या बोलीचे शब्द गोळा करू लागले. वाऱ्यांची, जाळ्यांची, माशांच्या पिल्लांची नावं. म्हाताऱ्या बायका सांगायच्या आणि बाबा वहीत टिपून घ्यायचे.

मी बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात होते. तिथला जुना कम्प्युटर मी विकत घेऊन घरी आणला. साल आठवत नाही, नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन बोटांनी टाइप करत बाबांनी दोन वर्षांत सगळ्या वह्या त्यात उतरवल्या. त्याच्या कॉप्या मी दोन फ्लॉप्यांवर करून ठेवल्या. पुढे वह्यांना वाळवी लागली, तेव्हा त्यांनी त्या स्वतःच जाळल्या. “आता सगलं आत हाय,” म्हणाले.

एकदा थोडी पानं छापून घ्यायला मी त्यातली एक फ्लॉपी स्टेशनजवळच्या दुकानात नेली. संध्याकाळी परत आणून कम्प्युटरमध्ये घातली. आठवड्याभरात बाबांच्या फाइलीत अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसू लागली.

“काय झालं ग?”

“काही नाही, बाबा. दुसरी कॉपी आहे ना आपल्याकडे.”

कपाटातली दुसरी फ्लॉपी काढली आणि त्याच मशीनमध्ये घातली. पहिल्यांदा उघडली तेव्हा शब्द जागेवर होते. हायसं वाटून मी पुन्हा उघडली, तर तिथेही चौकोन. बाबा शेजारीच उभे होते.

दुरुस्तीवाला आला. “वायरस है, मॅडम. कुछ नहीं बचा.” मग त्याने फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून दाखवली. ती सरकवून दिली असती, तर दुकानातल्या मशीनला फ्लॉपीवर काही लिहिता आलं नसतं, तिथला वायरसही चढला नसता. आणि दुसरी फ्लॉपी आजारी मशीनमध्ये घालायचीच नव्हती. एवढंसं काम! मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

बाबांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. नवी वही घेऊन ते पुन्हा गावात फिरले. सर्वात जास्त शब्द सांगणारी आजी तोवर वारली होती. दुसरी म्हणाली, “आता नाय आठवत, गुरुजी. तुमी तर लिवून नेलं व्हतं ना?”

बाबांनी तिला काय उत्तर दिलं, ते मी कधी विचारलं नाही. घरी आले तेव्हा वहीत अकरा शब्द होते.