मुहूर्तावर अडलेला कॉम्प्युटर

जव्हारला मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, तेव्हा त्याचं पुढे काय करायचं हे आमच्या जामसरमध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं. मलाही नाही. ते सुचलं माझ्या बायकोला. ती मोखाड्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेतून येताजाता तिला तहसील आणि पंचायत समितीबाहेर अर्ज घेऊन उभे असलेले लोक दिसायचे. टाइप केलेला अर्ज हवा असला तर जव्हार गाठावं लागायचं.

"तुम्ही तिथेच टंकलेखनाचं दुकान टाका," ती एका रविवारी म्हणाली. "कोर्स केलाय ना?"

"बघू," मी म्हणालो. पण तिने त्याआधीच मोखाड्यात पंचायत समितीसमोर रस्त्यालगतची एक खोली बघूनसुद्धा ठेवली होती.

तयार कॉम्प्युटर घेण्याऐवजी सुटे भाग आणून जोड, असा सल्ला क्लासच्या सरांनी दिला. वर्गात त्यांनी एक जुनी मशीन आमच्याकडून खोलून परत जोडून घेतली होती, तेवढाच माझा अनुभव. मुंबईला जाऊन सामान आणलं आणि जामसरच्या घरी ओटीवर चटई टाकून बसलो. बायको शेजारी पुस्तिका वाचायला. अंगातली वीज चिपला लागू नये म्हणून दर खेपेला मी खिडकीच्या गजाला हात लावून यायचो. माझ्या त्या फेऱ्या बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवस बोललायस का रे खिडकीला?"

प्रोसेसर बसवायला मी तीनदा उचलला आणि तीनदा परत ठेवला, तेव्हा बायकोने पुस्तिका खाली ठेवली आणि म्हणाली, "आधी पाणी प्या." शेवटी सगळं बसलं. झाकण लावलं. आणि चटईवर एक स्क्रू उरला.

"हा कुठला?" बायकोने विचारलं.

"जास्तीचा देतात," मी म्हणालो. तसं खरंच देतात. पण मी ते म्हणालो तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

चालू करून बघायची सोय नव्हती. गावचा ट्रान्सफॉर्मर जळला होता आणि नवा कधी येईल याचा पत्ता नव्हता. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरलेलं. नेमका त्याच दिवशी मोखाड्याचा आठवडी बाजार होता. आदल्या दिवशी कॉम्प्युटरचं कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि जीपने निघालो. मॉनिटर बायकोच्या मांडीवर. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हर मागे वळून "दुखलं का त्याला?" असं विचारत होता. मोखाड्याला पोचलो तर तिथे लोडशेडिंग. म्हणजे आमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू व्हायचा होता तो थेट पाहुण्यांसमोर.

उद्घाटनाला मी माझ्या शाळेतल्या गुरुजींना बोलावलं होतं. निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज वर्गातलाच होता. बाजाराला आलेली माणसं दारात जमली. बायकोने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. नारळ गुरुजींनी मशीनपासून चांगला लांब, उंबऱ्यावर फोडला, आणि मग म्हणाले, "हं, कुठलं बटण?"

मी दाखवलं. गुरुजींनी ते दाबलं.

काहीच झालं नाही. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. गुरुजींनी परत दाबलं, या खेपेला जरा जोर लावून. दारातून कुणीतरी म्हणालं, "झोपलाय."

बायको माझ्या कानाशी आली. "अहो, तो स्क्रू?"

मी घाईने खाली वाकलो. प्लग बघितला, यूपीएस बघितला. सगळं ठीक. मग कॅबिनेटच्या मागे हात घातला, तर वीज घेणाऱ्या डब्यावर एक छोटं काळं बटण असतं ते बंदच होतं. ते दाबून गुरुजींना म्हटलं, "आता बघा." आतला पंखा घरघरला, पुढचा हिरवा दिवा लागला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा कळलं, पडदा काळाच आहे. आणि आतून आवाज येतोय. बीऽऽप. जरा थांबून पुन्हा बीऽऽप.

"मागे घेतोय गाडी," दारातला तोच माणूस म्हणाला. लोक हसले. मला हसू येईना. आपल्या हातून काहीतरी जळलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"घाबरू नकोस," गुरुजी म्हणाले. "ओरडतंय म्हणजे जिवंत आहे. तुला ज्याने शिकवलं त्याला विचार."

शेजारीच फोनचं बूथ होतं. मी जव्हारला क्लासच्या सरांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आवाज कसा आहे? लांब की आखूड? किती वेळा?"

मी दारातून ओरडून बायकोला विचारलं. ती म्हणाली, लांब. गुरुजी म्हणाले, मध्यम. बाहेर कांदे विकणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी लांब होता, आता थकलाय. मग जो तो आपापला बीप तोंडाने काढून दाखवायला लागला. फोनमध्ये सर ओरडत होते, "अरे, तिथे किती कॉम्प्युटर आहेत?"

बूथवाल्याने फोनची वायर खेचता येईल तेवढी खेचली आणि रिसीव्हर आमच्या दाराशी आणून धरला. गुरुजींनी हात वर केला. "शांत!" आणि खरंच, दारातला सगळा घोळका गप्प झाला. कांदेवाल्या बाईंनी तराजूसुद्धा हातात धरून ठेवला. बीऽऽप. थांबून बीऽऽप.

"रॅम, मेमरीची पट्टी," सर म्हणाले. "जीपमध्ये हलली असेल. बंद कर, प्लग काढ, रॅम बाहेर काढ. तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच घास आणि परत बसव. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर बसलेली नाही."

"खोडरबर?" मी म्हणालो. कॉम्प्युटर दुरुस्त करायला खोडरबर लागेल असं मला वाटलं नव्हतं. बायकोने पर्समधून तीन काढले. शाळेतल्या बाईंच्या पर्समध्ये ते असतातच. "पेन्सिलीचा पांढरा घ्या, शाईचा नको, तो खरखरीत असतो," असं सांगून एक माझ्या हातात ठेवला.

झाकण काढलं. रॅमची पट्टी एका बाजूने खरंच वर आली होती. घासली, फुंकर मारली, बसवली. एक टक् ऐकू आला. दुसरा येईना. मी आणखी दाबायला धजत नव्हतो. पट्टी मोडली तर? बायकोने माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. टक्.

गुरुजींनी पुन्हा बटण दाबलं. एकच छोटा बीप. आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मला ओरडावंसं वाटलं. अक्षरं इंग्रजीत होती. गुरुजी पुढे वाकले, चष्मा सावरला आणि सगळ्यांसाठी मराठीत सांगायला लागले, "कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी... कीबोर्डवरचं बटण दाबा." ते माझ्याकडे वळले. "हे असलं तू परीक्षेत लिहिलं असतंस तर मी काय केलं असतं?"

या खेपेला मीही हसलो. कीबोर्ड आणि माउसची गोल भोकं मागे एकाखाली एक होती, जांभळं आणि हिरवं. गडबडीत मी जांभळी पिन हिरव्यात घातली होती. बंद करून अदलाबदल केली, आणि तक्रार गेली. आता नवी ओळ आली, चालू करण्याजोगं काहीच सापडत नाही. पण तिची मला भीती वाटली नाही. हार्डडिस्क कोरी होती, सिस्टीम भरायची बाकी होती. सीडी घातली, पडदा निळा झाला आणि टक्के वर सरकायला लागले.

त्यात बराच वेळ गेला. लोक बाजार करायला गेले. परत येताना दारात डोकावून "किती झालं?" विचारायचे आणि मी टक्के सांगायचो. गुरुजी मात्र खुर्ची सोडून हलले नाहीत. लाइट जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो. लाइट गेली नाही. मराठी अक्षरांची सीडी घातली, प्रिंटर जोडला, त्याने कुरकुरत एक पान बाहेर ढकललं, तेव्हा दुपार कलली होती.

तोवर एक बाई कधीच्या बाकावर बसून होत्या. सूर्यमाळच्या एका पाड्यावरच्या. पाड्यावरची विहीर आटली होती आणि टँकरसाठी अर्ज करायचा होता. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. अर्ज छापून हातात दिला. त्यांनी तो गुरुजींपुढे धरला, "वाचा."

गुरुजींनी वाचला आणि कपाळाला आठी घातली. "सूर्यमाळमधला सू दीर्घ. हेच शिकवलं का मी?"

"थांबा," मी म्हणालो, आणि ते एक अक्षर बदललं. बाकीचा अर्ज होता तसाच राहिला. बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"सगळा परत लिवायला नाय लागला?"

"नाही मावशी. पाहिजे तेवढंच बदलतं."

"मग अक्षर मोठा कर. सायबाचा चष्मा घरी राहतो."

मी अक्षर मोठं केलं. त्या विचारात पडल्या. "विहिरीतला गाळ काढायचाय, तेपन घाल." घातलं. दारातला एक जण म्हणाला, "रस्त्याचं घालायचं ना मग." बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. "घाल. पाण्याच्या खाली घाल. पाणी वर ठेव."

अर्ज दुसऱ्या पानावर गेला. बाहेर आणखी दोघं कागद घेऊन उभे राहिले होते. बायको म्हणाली, "अहो, आता छापा, लाइट जाईल," आणि मी छापला. बाईंनी तो घडी न घालता, दोन्ही हातांवर सपाट धरून रस्ता ओलांडला.

टँकर त्या उन्हाळ्यात सुरू झाला. गाळ पुढच्या वर्षी निघाला. रस्त्याच्या अर्जाला मात्र त्या पुढेही बऱ्याचदा आल्या, आणि दर खेपेला बाकावर बसायच्या आधी विचारायच्या, "आधीचा हाय ना आत? त्याच्यातच थोडा बदल."